भांडायला माणूस हवा

चालायला नुकतंच शिकलेलं पोर उंबऱ्याला अडखळून पडलं, की घरात तातडीचं न्यायालय भरतं. आजी उंबऱ्याला दोन चापट्या लगावते, ‘माझ्या सोन्याला पाडतोस?’ असा जाब विचारते, आणि पोर रडं आवरून आरोपीकडे बघायला लागतं. उंबरा बाजू न मांडताच दोषी ठरतो. तेवढ्याने भागलं नाही तर आजोबा उलटतपासणी घेतात : ‘अरे, मुंगी मेली बघ!’ आता फिर्यादीच आरोपी झालेला असतो. आपल्या बुडाखाली एक जीव गेला, या धक्क्याने तो गप्प होतो. पुढे हेच पोर शाळेत जातं आणि व्याकरणाच्या पुस्तकात त्याला कळतं, की याला चेतनगुणोक्ती म्हणतात, तो एक अलंकार आहे आणि तो ओळखला तर मार्क मिळतात. उदाहरणं मात्र सगळी कवितेतली : हसणारी फुलं, नाचणाऱ्या लाटा, लाजणारी सकाळ. जणू भाषा कुणाच्या लग्नाला निघाली आहे आणि जाता जाता अंगावर दोन दागिने चढवते आहे. उंबऱ्याला बसलेली चापटी पुस्तकात नसते. खरं उदाहरण तेच, असं माझं म्हणणं आहे. निर्जीव वस्तूला आपण माणूस करतो, तेव्हा तो दागिना कमी आणि समन्स जास्त असतो. जाब विचारायला, गळ घालायला, रुसायला समोर कुणीतरी लागतं. नसलं तर ते तयार करावं लागतं.

पुराव्यासाठी बालाघाटला जाऊ. वैनगंगेच्या काठचा हा जिल्हा आधी नागपूरकर भोसल्यांचा, मग इंग्रजांच्या मध्य प्रांताचा. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची फेरमांडणी झाली तेव्हा नागपूर-भंडारा मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. जमिनीची वाटणी झाली, कचेऱ्यांची झाली. पोळ्याची करायला कुणाला सुचलं नाही. या साऱ्या पट्ट्यात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळद लावून चोळतात आणि त्यांना रीतसर आवतण देतात, की उद्या जेवायला या. ‘ये’ नव्हे, ‘या’! वर्षभर ज्याला पराणी टोचली त्याला एक दिवस आदरार्थी बहुवचन. यात काव्य कुठे आहे? वर्षाचा हिशोब अंगावर येतो, आणि ज्याच्याकडे माफी मागायची तो समजणारा असायला हवा, म्हणून त्याला पाहुणा केला जातो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मामला उलटा. बालाघाट-गोंदियाकडे त्या दिवशी नारबोद निघते. पूतनेचा म्हणून ओळखला जाणारा तो पुतळा गावाबाहेर नेतात, आणि नेताना पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे तिला ओरडून सांगतात, की खोकला घेऊन जा, ताप घेऊन जा, डास-ढेकूण घेऊन जा, रोगराई घेऊन जा. भादव्यातल्या ओल्या हवेत जे जे म्हणून अंगाला चावतं किंवा छातीत बसतं, त्याची यादी एका बाईच्या गळ्यात बांधून तिला शिवेपार करायचं. आदल्या दिवशीचा बैल पाहुणा, दुसऱ्या दिवशीची नारबोद हद्दपार. दोघांनाही माणूस केल्याशिवाय ना आवतण देता आलं असतं, ना हद्दपारीची नोटीस बजावता आली असती.

नागपुरात याच नारबोदेची थोरली बहीण राहते. तिथे काळी मारबत १८८१पासून आणि पिवळी मारबत १८८५पासून निघते, असं मानलं जातं. काळीचं नातं भोसल्यांच्या बाकाबाईशी जोडलं जातं. इंग्रजांशी जुळवून घेतल्याचा राग लोकांनी पुतळ्यावर काढला, अशी ती आख्यायिका. म्हणजे रोगराई आणि फितुरी एकाच अंगावर. मारबतीसोबत बडगे असतात, ते पुरुष. एखादा महागाईचा, एखादा भ्रष्टाचाराचा, एखादा परदेशी पुढाऱ्याचा. मंडळी त्यांच्याशी जे बोलतात ते कौटुंबिक मासिकात छापण्यासारखं नसतं, पण व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष असतं : कर्ता आहे, क्रियापद आहे आणि संबोधन तर फारच स्पष्ट आहे. महागाई ही एरवी टक्क्यांत मोजायची गोष्ट. टक्क्याला शिवी देता येत नाही. त्याला हातपाय फुटले, पोट सुटलं, डोक्यावर टोपी आली, की मगच तोंड मोकळं करता येतं. मारबतीच्या चरित्रातला सगळ्यात करुण प्रसंग २०२०चा. साऱ्या जगात खरोखरीची साथ आलेली, रोगराई गावाबाहेर नेण्याचा सव्वाशेहून अधिक वर्षांचा अनुभव असलेली बाई हाताशी. आणि नेमकी त्याच वर्षी साथीमुळे तिच्या मिरवणुकीला परवानगी नाही. अनुभवी उमेदवाराला ऐन गरजेच्या वेळी घरी बसवण्याची सरकारी रीत तिलाही चुकली नाही.

इथे विवेकवादी वाचक घसा खाकरणार. हे सगळं अडाणीपणाचं लक्षण, रोग जंतूंनी होतो, बाईने नव्हे. कबूल. पण पुतळ्याला ओरडणारा माणूस जंतू नाकारतो, हे कुणी सांगितलं? महाराष्ट्राने एका रोगाला सरळ देवी म्हटलं, त्याचं बहुवचन केलं आणि ‘देवी आल्या’ असं अदबीने जाहीर केलं. पटकीसाठी मरीआई बसवली, तिचा गाडा पुढच्या गावच्या शिवेवर ढकलला. पुढच्या गावाने आणखी पुढे, म्हणजे ही एका परीने आंतरजिल्हा बदलीच. आणि याच लोकांनी दंड पुढे करून ‘देवी टोचून’ घेतल्या. लसही देवीच्याच नावाची! पाया पडणं आणि टोचून घेणं एकाच वाक्यात बसलं आणि कुणाला त्यात विसंगती वाटली नाही. १९७५नंतर भारतात देवीचा रुग्ण सापडला नाही, आणि १९८०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने साऱ्या जगातून ती गेल्याचं जाहीर केलं. पोर पडल्यावर उंबऱ्याला मारणाऱ्या आजीलाही ठाऊक असतं, की लाकडाला लागत नाही. चापटी मारून झाली, की ती हळदच आणायला जाते. इंग्रज समीक्षक जॉन रस्किनने १८५६मध्ये कवींना दटावलं होतं, की निसर्गाला भावना चिकटवू नका, ती शोकाने किंवा भावनेने डळमळलेल्या मनाची चूक आहे. रस्किनसाहेबांना धान लावून आभाळाकडे बघायची पाळी आली नव्हती.

धानाचं नाव निघालंच आहे तर पावसाकडे येऊ. बालाघाट हा भाताचा जिल्हा. तिथल्या चिन्नोर या सुवासिक तांदळाला २०२१मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. चिखलणी करून रोप हातात धरलेल्या माणसाला हवामान खातं सांगतं, की यंदा सरासरीच्या अमुक टक्के पाऊस. हे वाक्य खरं असेल, पण त्याच्याशी बोलायचं काय? म्हणून मराठीने पावसाला दडी मारायला लावली, रुसवलं, त्याला डोळे वटारायला शिकवलं. पंचांगाने तर प्रत्येक नक्षत्राला वाहन दिलं, कधी कोल्हा, कधी म्हैस, कधी गाढव, कधी बेडूक. म्हणजे पाऊस उशिरा आला तर निदान दोष वाहनाला देता येतो. घाटावरच्या शेतकऱ्याने नातीही लावून टाकली : पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मघाचा सासूंचा आणि त्याच्यामागून पूर्वेचा सुनांचा. सासूमागोमाग सून बरसते, यात हवामानशास्त्र किती आणि अनुभव किती, हे ज्याने त्याने आपल्या घरी तपासावं. खुद्द मध्य प्रदेशात हा व्यवहार कायद्याच्या टोकापर्यंत गेला. २०१९च्या जुलैत भोपाळमध्ये पावसासाठी बेडूक-बेडकीचं लग्न लावलं. पाऊस आला, आणि असा आला की थांबेना. मग सप्टेंबरात त्याच जोडप्याचा विधिपूर्वक घटस्फोट करण्यात आला. बातमी साऱ्या देशाने हसून वाचली. मला त्यातली शिस्त आवडली. लग्न लावणाऱ्यांनी जबाबदारी झटकली नाही. आपणच केलेला करार अंगलट आला म्हणून आपणच तो मोडला. धरणाचे दरवाजे कधी उघडायचे याबाबत इतकी तत्परता दिसली, तर बेडकांचे संसार वाचतील.

आता एक आक्षेप खरोखर जड आहे, आणि तो विनोदाने उडवता येत नाही. बडगे सोडले, तर संकटं सगळी बायकाच का? नारबोद बाई, मारबत बाई, पूतना बाई, मरीआई बाई. साथ ती, महागाई ती, गरिबी ती, अवदसा तर तीच. मराठीत खुर्चीही ‘ती’ असते आणि टेबल ‘ते’, म्हणून हा नुसता व्याकरणाचा अपघात, असं म्हणून सुटता येणार नाही. खुर्ची स्त्रीलिंगी आहे म्हणून कुणी तिला गावाबाहेर नेऊन जाळत नाही. जाब विचारायला माणूस घडवायचा झाला, की हात आपोआप बाईच्या साच्याकडे जातो, हे खरं आहे. कारण घरातही जाब तिलाच विचारायची सवय आहे. २०११च्या जनगणनेत बालाघाट जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १०२१ स्त्रिया होत्या, मध्य प्रदेशात सर्वाधिक. त्या जिल्ह्याने तरी एखादा नारबोदराव काढून बघायला हरकत नव्हती. आक्षेप मी मान्य करतो, पण त्याने माझा मुद्दा पडत नाही, उलट बळकट होतो. मानवीकरण हा निव्वळ कल्पनेचा खेळ असता, तर फासा कधी इकडे पडला असता, कधी तिकडे. तो ठरावीक बाजूलाच पडतो, म्हणजे हा दोषारोपाचाच धंदा आहे. जंगलात याचंच दुसरं रूप दिसतं : जो खाऊ शकतो त्याला मान. वाघाचा वाघोबा होतो, कोल्ह्याचा कोल्होबा. शेळीला मात्र कुणी शेळोबा म्हणत नाही.

वाघावरून आठवलं. जगातले सगळ्यात प्रसिद्ध बोलणारे प्राणी याच वैनगंगेच्या खोऱ्यात राहतात, हे बालाघाटकर फारसं मिरवत नाहीत. किपलिंगच्या १८९४च्या ‘जंगल बुक’मध्ये शेरखानाचा मुक्काम वैनगंगेजवळ आहे. त्या जंगलात कायदा आहे, सभा आहे, ठपका आहे. प्राणी बोलायला लागले ते गोड दिसावं म्हणून नव्हे, खटला चालावा म्हणून. आजच्या कान्हात, ज्याचा बराच भाग बालाघाट जिल्ह्यात येतो, वाघांना दोन नावं असतात. वनखात्याच्या वहीत ‘टी’ आणि पुढे आकडा. गाईडच्या तोंडी मुन्नासारखं नाव. कपाळावरच्या पट्ट्यांत इंग्रजीतलं ‘कॅट’ वाचता येतं म्हणून तो मुन्ना जगभर गाजला. आकड्यातला वाघ कमी झाला तर बेरीज दुरुस्त होते. एखादा मुन्ना दिसेनासा झाला तर लोक विचारतात, कुठे गेला? खात्यालाही हे कळत असावं. १९७०च्या सुमारास जेमतेम ६६ उरलेल्या बाराशिंग्याला पुढे कान्हाने ‘भूरसिंग’ हे नाव देऊन व्याघ्रप्रकल्पाचा शुभंकर केलं. भूरसिंग संपला तर उत्तर द्यावं लागेल. एक प्रजाती संपली तर अहवाल पुरतो.

पण हा सगळा लोकांचा कारभार झाला. सरकारने स्वतः मानवीकरण करायला घेतलं, की काय होतं ते नद्यांना विचारा. २० मार्च २०१७ला उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना या जिवंत व्यक्ती असल्याचा निर्णय दिला आणि राज्याच्या मुख्य सचिवांसह काही अधिकाऱ्यांना त्यांचे पालक नेमलं. आई म्हणून जिला हजारो वर्षं हाक मारली ती रातोरात अज्ञान पाल्य झाली. यात कायद्याच्या दृष्टीने नवल नाही. देवाच्या मूर्तीला आपल्याकडे कायदेशीर व्यक्ती मानतात, आणि १९२५मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तर मूर्तीने कुठे राहावं यासंबंधी तिचं म्हणणं मांडायला एक निःपक्षपाती प्रतिनिधी नेमावा, असा विचार केला होता. गंगेच्या बाबतीत पालकच घाबरले. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि त्याने अत्यंत व्यावहारिक प्रश्न विचारला : पुरात कुणी बुडालं, तर नुकसानभरपाईचा दावा कुणावर? नदीवर, की मुख्य सचिवावर? ७ जुलै २०१७ला निर्णयाला स्थगिती मिळाली. व्यक्ती म्हणून गंगा चार महिनेही टिकली नाही. त्याच वर्षी मे महिन्यात मध्य प्रदेश विधानसभेनेही नर्मदा जिवंत असल्याचा ठराव केला. नर्मदेला खरं तर याची गरज नव्हती. शोणभद्राने जोहिलेपायी फसवलं म्हणून ती तोंड फिरवून पश्चिमेला निघाली, ही कथा सांगणाऱ्यांनी तिला फार पूर्वीच व्यक्ती केलं आहे. भूगर्भशास्त्र खचदरीचं कारण सांगतं, पण खचदरीला स्वाभिमान नसतो. पंचाईत झाली ती बालाघाटची. बैहरकडची बंजर कान्हातून वाहत मंडल्याला नर्मदेला मिळते, म्हणजे तिचं पाणी तिथवर वस्तू आणि तिथून पुढे व्यक्ती. शिवनीतल्या मुंडाऱ्याला उगम पावून बालाघाटवरून महाराष्ट्रात उतरणारी वैनगंगा मात्र तशीच राहिली. तिच्यावर ठराव नाही. तेव्हा आईच्या पोटी गाळ साचला, वाळू उपसली गेली, तरी तिला निदान पालकमंत्र्यांची वाट बघावी लागत नाही.

या सगळ्या गंमतीतून एक गोष्ट निघते, आणि माझा खरा तक्रारअर्ज तिच्याबद्दल आहे. लोक वस्तूला माणूस करतात ते जाब विचारायला. कचेरी स्वतःला माणूस करते ते जाब चुकवायला. सरकारी गद्यात शासनाला डोळे असतात, म्हणून बाबी त्याच्या ‘निदर्शनास येतात’. सीमेच्या अलीकडे मध्य प्रदेशात प्रशासन ‘संज्ञान’ घेतं, पलीकडे महाराष्ट्रात गेल्यावर तेच ‘दखल’ घेतं. यंत्रणा सतर्क होते, विभागाला जाग येते, फाईल तर चालते, फिरते, अडते आणि शेवटी टेबलाखाली झोपते. रेल्वे फलाटावर नोंदवलेल्या आवाजात गैरसोयीबद्दल दिलगीर असते. गाडी चार तास उशिरा असली तरी तिच्या दिलगिरीत थकवा येत नाही. इतक्या जिवंत, इतक्या भावनाशील मंडळींनी भरलेल्या या जगात सही करणारा माणूस तेवढा कुठे सापडत नाही. यावर कायदेपंडित म्हणतील, की संस्थेला व्यक्ती मानल्याशिवाय तिच्यावर दावा कसा लावणार? कंपनी ही व्यक्ती आहे म्हणूनच तर तिला कोर्टात खेचता येतं. अगदी बरोबर, पण कायद्यातल्या त्या व्यक्तीला पत्ता असतो, शिक्का असतो, नोटीस घ्यायला एक बिचारा कारकून असतो. पत्रकातल्या व्यक्तीला फक्त भावना असतात. खेद आहे, चिंता आहे, गांभीर्य आहे, पत्ता नाही. नारबोदेचं याहून बरं : ती कुठल्या गल्लीत बनली हे साऱ्या गावाला माहीत असतं, तिला नेण्याची तारीख पंचांगात असते, आणि ती शिवेबाहेर गेली की नाही हे पोरं स्वतः जाऊन बघून येतात.

म्हणून पुढच्या पोळ्याला नारबोद करणाऱ्या मंडळींना एक विनंती. तिच्या गळ्यात पाटी अडकवायचीच असेल, तर ‘भ्रष्टाचार’, ‘महागाई’, ‘व्यवस्था’ असली मोघम नावं लिहू नका. ही मंडळी जाळून जळत नाहीत, त्यांना सवय आहे. रस्ता कुठून कुठवरचा, काम कुठल्या खात्याचं, रक्कम किती, मुदत कधी संपली, एवढं खडूने ठळक लिहा. अक्षर मात्र सुवाच्य काढा. निदर्शनास यायला सोपं जातं.